आमच्या बाजूची गॅलरी

आमच्या गच्चीवरून फुटबॉलचं मैदान दिसत नाही. मध्ये चार-पाच गल्ल्या आहेत, एक मंगल कार्यालय आहे आणि अलीकडे एक सहा मजली इमारत उभी राहिली आहे. पण आवाज येतो. दुपारी चारच्या सुमाराला मॅच सुरू झाली की मैदानावरची आरोळी कौलांवरून, पत्र्यांवरून आमच्यापर्यंत पोचते. त्या आरोळीवरून गोल कुणाचा झाला हे माझे वडील घरबसल्या सांगायचे, आणि माझ्या आठवणीत ते कधी चुकले नव्हते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून फिरायचं आणि ठरल्या वेळी ठरल्या गल्लीचं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. मॅचच्या दिवशी नेमकी ड्यूटी आली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. हात चावीवर आणि कान मैदानाकडे. पूर्वेची गॅलरी आमच्या पेठेची, पश्चिमेची समोरच्या पेठेची, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. "ह्यो आवाज उगवतीचा. आपला गोल झाला बघा," असं ते नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना सांगायचे. त्या बिचाऱ्यांना गोलाचं काय, पाण्याची धार मोठी यावी एवढंच हवं असायचं. पण आपला गोल झाला की आबा पाणी दहा मिनिटं उशिरा बंद करतात, हे एकदा लक्षात आल्यावर बायकासुद्धा आमच्या पोरांसाठी देवाला साकडं घालायला लागल्या.

कोल्हापुरात कुस्ती आहे हे बाहेरच्या माणसाला माहीत असतं. फुटबॉल आहे म्हटलं की पाहुणा हसतो. मग त्याला समजवावं लागतं की इथे प्रत्येक पेठेला तालीम असते, तालमीत मारुती असतो, आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम खेळते. आमची जर्सी विटकरी रंगाची. धुऊन धुऊन ती फिकी झाली की पेठेतली पोरं ती घालून दूध आणायला जायची. टीम कुणाची आहे हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. मारुती कुणाचा आहे असं कुणी विचारतं का?

या टीममध्ये आबांचं एक काम होतं. हाफ टाइमला खेळाडूंना मोसंबी द्यायची. तरुणपणी ते स्वतः खेळले नव्हते, पाय सपाट होते म्हणे. पण निवृत्तीच्या आधीच मोसंबीचा डबा त्यांच्या हातात आला आणि हातातच राहिला. अॅल्युमिनियमचा कडीचा डबा, आत मोसंबी, एक छोटी सुरी आणि कागदाच्या पुडीत मीठ. मोसंबी घरून चिरून न्यायची नाही, कडू होते. मैदानाच्या कडेला बसून, घड्याळ बघून, हाफ टाइमला पाच मिनिटं असताना चिरायची आणि शिट्टी झाली की मीठ लावून एकेकाच्या हातात द्यायची. तेव्हा त्यांचा चेहरा पाणी सोडताना असायचा तसा गंभीर व्हायचा. एकदा आफ्रिकेतून एक खेळाडू आला होता, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचा. तो हाफ टाइमला पहिला आबांकडे यायचा आणि "काय आबा, मोठी फोड दे की," म्हणायचा. एवढंच मराठी त्याला येत होतं आणि एवढ्यावर पेठेनं त्याला आपला करून टाकलं होतं.

मग मालक आला.

मालक हा शब्द आमचाच. तो स्वतःला काय म्हणवत होता कोण जाणे. त्याचे आजोबा आमच्या पेठेतले, वडील पुण्याला गेले, तिथं बांधकामात मोठे झाले. हा मुलगा परदेशात शिकून आलेला. तालमीला टीम चालवणं जड जात होतं हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? तो आला, चपला बाहेर काढल्या, मारुतीला हात जोडले आणि फार गोड बोलला. आजोबांच्या आठवणीनं त्याचा आवाज भरून आला. आम्ही सगळे विरघळलो. मीच सगळ्यात पुढे होतो. त्याच्या गळ्यात हार मी घातला आणि फेटाही मीच बांधला. कागदांवर सह्या झाल्या आणि टीम एका कंपनीची झाली. मी त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

पहिल्या वर्षी जर्सी काळी-करडी झाली. आम्ही कुरकुर केली, पण टीम जिंकत होती. दुसऱ्या वर्षी खेळाडू तालमीत यायचे बंद झाले. सराव शहराबाहेरच्या हिरवळीवर, मुक्काम हॉटेलात. पेठेची तीन-चार पोरंच टीममध्ये उरली. त्यातला एक कॅप्टन होता, आमच्या दोन घरं पलीकडचा, आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. मालक मॅचला यायचा नाही. मोठ्या पाहुण्यांच्या कक्षात त्याच्या नावाची खुर्ची ठेवलेली असायची, तिच्यावर पांढरा टॉवेल. आमच्याकडचे टवाळ म्हणायचे, टॉवेल आलाय बघा, आता मालक येतोय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तिसऱ्या हंगामाच्या पहिल्याच मॅचला आबांना मैदानाच्या फाटकावर अडवलं.

काळे टी-शर्ट घातलेले दोन दांडगे रखवालदार होते, बाहेरून आणलेले. त्यांनी पास मागितला. आबांना पास म्हणजे काय तेच कळेना. "आवं, मी मोसंबीवाला," ते म्हणाले. रखवालदारांनी डबा उघडला. आत सुरी. मग काय विचारता! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हात वर करायला लावून त्यांनी त्याचे खिसे चाचपले. मी गॅलरीतून उतरून धावत पोचलो तेव्हा आबांचे हात अजून वरच होते आणि टोपी खाली पडली होती. टीमचा मॅनेजर आला. तो नम्र होता, ते मात्र म्हणायला हवं. म्हणाला, "काका, आता डाएट ठरलेलं असतं. बाहेरचं काही देता येत नाही. प्लीज समजून घ्या."

आबा डबा घेऊन माझ्याबरोबर गॅलरीत येऊन बसले. सुरी त्या लोकांनी ठेवून घेतली होती. हाफ टाइमला त्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं, डब्याची कडी काढली आणि परत लावली.

"त्यांचं बी बरोबर हाय," ते मला म्हणाले. "आत सुरी न्यायची म्हंजे कसं चालंल?"

आबा रागावले नाहीत. रागावलो मी. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तांब्याची तार गुंडाळताना हात चालू असतात आणि डोकं रिकामं असतं. त्यामुळे माझा राग दिवसभर मुरतो. मी मालकाला पत्रं लिहिली. कंपनीच्या पत्त्यावर ईमेल केली. दर वेळी एकच उत्तर यायचं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी तालमीतले आम्ही चौघं पुण्याला गेलो. काचेच्या इमारतीत दोन तास बसलो. गार हवेत कागदाच्या कपातून कॉफी प्यायलो. साहेब परदेशात आहेत, असं समोरच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. साहेबांसाठी म्हणून नेलेली जुनी विटकरी जर्सी त्या बाईंच्या टेबलावर ठेवून आम्ही परत आलो. 

त्याच आठवड्यात तालमीत बैठक झाली आणि मी उभा राहिलो. मला बोलता येतं, हा माझा एक दोष आहे. मी म्हणालो, "त्याला आपली भाषा कळत न्हाय. गॅलरी रिकामी पडली की कळंल. ह्यो हंगाम संपेपातूर पेठेतलं एक माणूस मैदानावर जाणार न्हाय." टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मला आणखी चेव चढला. मी म्हणालो, "आणि मोबाईलवर बी बघायचं न्हाय. लाइव्ह बघितलं तरी त्याचंच भलं हुतंय." हे कलम माझ्या डोक्यातून निघालेलं. कुणी सुचवलं नव्हतं.

आमच्या तालमीत शब्द द्यायचा तर जोतिबाचा गुलाल ताटात ठेवून त्याला हात लावतात. एकदा हात लावला की विषय संपला. त्यातून माघार घेतल्याचं कुणाला आठवत नाही. पहिला हात सगळ्यात वडीलधाऱ्याचा. त्या दिवशी तालमीत सगळ्यात मोठे आबा होते.

ताट त्यांच्यासमोर आलं. त्यांनी गुलालाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तेवढा वेळ मला नको तितका लांब वाटला, मी खुणेनं "लावा की" असं केलंसुद्धा. त्यांनी हात लावला. मग पेठेनं लावला.

आमची गॅलरी खरोखर रिकामी पडली. पहिल्या मॅचला समोरच्या पेठेनं चिडवून घेतलं, यांची पेठ उठून गेली काय म्हणून. स्थानिक पेपरात रिकाम्या पायऱ्यांचा फोटो आला. मी तो कापून दुकानात चिकटवला आणि आता पुण्याहून फोन येणार म्हणून वाट बघत बसलो. आठवडा गेला. दोन गेले. मॅनेजरचाही फोन आला नाही.

आणि आमच्यावर एक भलतीच वेळ आली. टीम जिंकायला लागली. पूर्वी वाईट खेळत होती तेव्हा आम्ही उन्हात बसून घसे फोडले आणि आता आम्ही घरी बसलोय तर ही जिंकतेय. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरातून कळायचा. आबा चष्मा लावून बारीक अक्षरांतली पूर्ण बातमी वाचायचे, गोल कुणी कितव्या मिनिटाला घातला ते बोटानं दाखवायचे आणि पेपर घडी करून गादीखाली ठेवायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

माघात त्यांना दम लागायला लागला. जिना चढताना तीनदा थांबायचे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि त्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. हृदय थकलं आहे, म्हणाले; औषधं चालू ठेवू, पण फार लांबचे बेत करू नका. मी बाहेर आलो तर आबा बाकावर बसून चपलेचा अंगठा नीट करत होते.

"पुढचा हंगाम न्हाय म्हणत असंल डाक्टर," ते म्हणाले.

"काय बी काय बोलताय आबा!"

"बरं, ऱ्हायलं."

त्यानंतर पंधरा दिवसांनी टीम फायनलला पोचली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा, आणि समोर पश्चिमेच्या गॅलरीवाली पेठ. ही फायनल आबांच्या आयुष्यातली शेवटची, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. आणि त्यांनी मैदानावर जाऊ नये ही व्यवस्था मी स्वतः, टाळ्या घेत केलेली होती.

मी तालमीत परत बैठक बोलावली. म्हणालो, फायनलपुरतं सोडूया. कुणी माझ्याकडे बघेना. एक म्हातारा म्हणाला, "गुलाल काय गळ्यातलं लॉकेट हाय व्हय, काढून ठेवायला?" खरं तर निम्मी पेठ जाणारच होती, टोप्या घालून, तोंडाला रुमाल बांधून, इकडच्या-तिकडच्या गॅलरीत लपून. लपून गेलेला माणूस ओरडत नाही. बैठकीत मात्र कुणी तसं कबूल केलं नाही, आणि ज्यानं शब्द घालून दिला त्यानंच तो मोडायला सांगितला हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

फायनलच्या दिवशी आबांनी लवकर आंघोळ केली. धुतलेला सदरा-लेंगा घातला, टोपी घातली. माझ्या बायकोला सांगून मंडईतून मोसंबी आणवली होती. साडेतीनला ते सावकाश गच्चीवर गेले आणि टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. डबा शेजारी.

मी वर गेलो. म्हणालो, "चला आबा. रिक्षा बोलावलीय. मी तुमास्नी गॅलरीत बशीवतो, बघू कोण काय म्हणतंय."

"हात लावलाय न्हवं."

"पाप लागंल ते मला लागू दे. शब्द माझा हुता."

"शब्द तुझा, हात माझा," ते म्हणाले. "जा, रिक्षावाल्याला पैसं दिऊन लावून दे. उगं बिचाऱ्याचा खोळंबा."

मी खिशातला मोबाईल काढला. म्हणालो, निदान यावर तरी बघा. त्यांनी मान फिरवली. "त्ये बी तूच सांगितलंस की." टोमणा नव्हता त्यात. आठवण करून दिल्यासारखं म्हणाले.

मी रिक्षा परत पाठवली, मोबाईल बंद केला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो. चार वाजले. मैदानाकडून मोठा गलका आला, टीम उतरल्या असणार. मग नुसती कुजबुज, वाऱ्यावर कमी-जास्त होणारी. आबा डोळे मिटून बसले होते. मध्येच डोळे उघडून त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, मीठ विसरलीस म्हणून. ती मीठ घेऊन वर आली, दमली होती, तीही बसली. आम्ही तिघं टाकीवरच्या गळक्या कॉकबद्दल बोललो. वॉशर बदलायला हवा, असं आबा म्हणाले. चार वाजून वीस-बावीस मिनिटं झाली असतील.

हाफ टाइमला पाच मिनिटं असताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीनं मोसंबी चिरली. एकही बी खाली पडू दिली नाही. घड्याळात वेळ झाल्यावर मीठ लावून फोडी आम्हा दोघांच्या हातात ठेवल्या. बाकीच्या डब्यात राहिल्या. अकरा जणांच्या हिशेबानं चिरली होती.

दुसऱ्या हाफमध्ये पश्चिमेकडून आरोळी उठली. मलासुद्धा कळली.

"झाला," आबा म्हणाले. "त्यांचा."

मग बराच वेळ काही नाही. आबा पुढे वाकून, हात कानामागे धरून बसले होते. उगवतीकडून काही येतंय का, हेच ते ऐकत होते. सूर्य टाकीच्या मागे गेला आणि शेवटी शेवटी पश्चिमेकडून पुन्हा आरोळी, पहिल्यापेक्षा मोठी, न थांबणारी. पाठोपाठ फटाके.

"दोन. आणि आपला एक बी न्हाय," ते म्हणाले. त्यांनी डबा लावला. "पोरांनी जीव ओतला असंल. व्हतं कधी कधी."

मला त्या क्षणी मालकाला काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. पण तो कुठे होता? फेकायचं कुठल्या दिशेला, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दिवेलागणीला कॅप्टन गच्चीवर आला. हॉटेलात न जाता, बूट गळ्यात अडकवून तसाच आला होता. गुडघ्याला खरचटलेलं, अंगावर ती काळी-करडी जर्सी. त्यानं आबांच्या पायाला हात लावला आणि खाली बसला.

"आबा, तुमी बी आला न्हाय," तो म्हणाला.

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "दोन गोलानं हरला न्हवं? आयकलं मी."

"दोन-एक," तो म्हणाला. "पैला गोल आमीच घातला. ईस मिनिटात. मी घातला, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी उजव्या कानात बोट घालून हलवलं. "मला ऐकूच आला न्हाय," ते म्हणाले. "कान बी गेलं म्हणायचं आता."

"कान बरं हाईत तुमचं," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "ओरडाय कोण न्हवतंच. गोल झाल्यावर मी सवयीनं आपल्या गॅलरीकडं पळत गेलो. हात पसरून. तारंपातूर गेलो आणि बघतोय तर नुस्त्या पायऱ्या. मला काय करावं कळंना. परत फिरलो."  "आमचं काय चुकलं हुतं, आबा? मालकावर राग हुता ते आमास्नी ठावं हाय. पर मैदानात पळालोय आमी."

याला उत्तर मी द्यायला हवं होतं. बैठकीत उभा राहून बोलणारा मी भिंतीला टेकून नुसता उभा राहिलो. आबांनी डबा उघडला. फोडी काळसर पडल्या होत्या, आणि कडूही झाल्या असणार. कॅप्टननं एक घेतली, मीठ लावलं आणि सालीपर्यंत चोखून खाल्ली. मग दुसरी. आबा त्याच्याकडे बघत होते. मी खाली उतरून गेलो.

दोन दिवसांनी पेठेच्या तोंडाशी कंपनीचा भला मोठा फ्लेक्स लागला. मालकाचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, हंगामभर मैदान दणाणून सोडल्याबद्दल पेठेचे मनःपूर्वक आभार. मागे भरलेल्या गॅलरीचा फोटो, कुठल्यातरी जुन्या मॅचचा. हजारो लोक हात वर करून ओरडतायत आणि अगदी पुढे, मैदानाच्या कडेला, डबा मांडीवर घेऊन, आबा.

म्हणजे त्याला कळलंच नव्हतं. अख्ख्या पेठेनं एक हंगाम पाठ फिरवली आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तर त्यानं ऐकलं नाही. आमच्या रागाचा एक थेंबही त्याच्या अंगावर उडाला नव्हता. जे भिजले ते आमचेच.

मी दुकानातून पक्कड घेऊन निघालो, फ्लेक्सच्या तारा तोडायला. आबा काठी टेकत माझ्यामागून आले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. मग खालून मान वर करून ते फोटोतली माणसं बघत राहिले. हा गेला, हा हाय, ह्याच्या पोरीचं लगीन झालं, असं चाललं होतं. स्वतःवर बोट आल्यावर म्हणाले, "टोपी वाकडी हाय बघ." परत येताना वाटेत देवळाच्या कट्ट्यावर त्यांना बसावं लागलं. तिथं मी विचारलं. विचारायला मला इतके महिने लागले होते.

"आबा, तुमास्नी ते पटलं न्हवतं. मग गुलालाला हात कशाला लावला?"

त्यांनी श्वास जमवला. "सगळ्या तालमीदेखत उभा राहून बोललास. मी हात मागं घेतला असता तर तुझं तोंड काय ऱ्हायलं असतं?"

मी त्या कट्ट्यावर रडलो. पन्नाशीचा माणूस, हातात पक्कड, येणारे-जाणारे बघतायत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, उनं व्हायला लागली."

आबा श्रावणात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. फ्लेक्सचं कापड पुढे कुणीतरी काढून म्हशीच्या गोठ्यावर टाकलं, छपाई आतल्या बाजूला करून. कंपनीकडून मला एक ईमेल आली. कित्येक महिन्यांपूर्वीच्या माझ्या पत्राला उत्तर होतं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

पुढच्या हंगामात शब्दाची मुदत संपली होती. पहिल्या मॅचला सगळी पेठ गेली. मीही गेलो. खरं सांगायचं तर जावंसं वाटत नव्हतं, पण कॅप्टन घरी येऊन सांगून गेला होता. जर्सी काळी-करडीच होती. पाहुण्यांच्या कक्षात खुर्ची होती, तिच्यावर टॉवेल होता. आमची गॅलरी मात्र खच्चून भरली होती, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती.

पंधराव्या मिनिटाला आपला गोल झाला. कॅप्टन हात पसरून आमच्याकडे पळत आला आणि गॅलरी अशी ओरडली की मला कानावर हात ठेवावेसे वाटले. सगळे उभे राहिले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मी बसूनच होतो. उगवतीचा आवाज होता तो. चार-पाच गल्ल्या, मंगल कार्यालय आणि ती सहा मजली इमारत ओलांडून आमच्या गच्चीवर पोचला असणार, टाकीच्या सावलीत, आबांच्या खुर्चीपर्यंत. खुर्ची मी अजून खाली आणलेली नाही.